गाडी रात्री कुठे झोपणार?

पत्र : ताई, आम्ही दोघं निवृत्त, अटलांटाच्या उत्तरेला राहतो. लेक-जावयांनी गेल्या वर्षी मेकनच्या पुढे 40 एकर जमीन घेतली. निम्म्यात पाइन, निम्म्यात ओक, मधून एक ओढा. घर नाही, रस्त्यालगत पत्र्याची एक शेड आहे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार सगळे तिथे जातो. जावई इथलाच, जॉर्जियात वाढलेला, लहानपणापासून हरणांची शिकार करतो. आता जमिनीवर फिरायला जुनी गोल्फ कार्ट घ्यायचं घाटतंय. तो म्हणतो पेट्रोलचीच घ्यायची, विजेची मध्येच दगा देईल. त्याच्या शिकारी क्लबानेही शेजारच्या जिल्ह्यात 900 एकर जंगल भाड्याने घेतलंय, तिथेही गाडी न्यायचा त्याचा विचार आहे. मला विजेची बरी वाटते. आवाज नाही, धूर नाही. हिचे गुडघे दुखतात, नातू सात वर्षांचा, नात साडेतीन. शेडला वीज अजून आलेली नाही, पण खांब रस्त्यावरच आहे. नाताळापर्यंत मिळेल म्हणतात. सहा हजार डॉलर बाजूला काढलेत. जावयाला नाही म्हणायचं जिवावर येतं, पण पैसे माझे आहेत. काय करू? – मधल्यामध्ये अडकलेला सासरा

ता. क. ही शाकाहारी. तिचा एकच प्रश्न आहे : मेलेलं हरीण ज्या सीटवरून आणणार, त्याच सीटवर नातवंडं बसणार का?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुम्ही ताजा कलमात ढकललात, पण सगळ्या पत्रात तोच सर्वांत नेमका आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी शब्दांचा एक गोंधळ मिटवू. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या, तेव्हा आमच्या ह्यांनी ‘गॅसची गाडी’ (इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात) म्हटल्यावर त्या सीटखाली वाकून सिलिंडर शोधत होत्या. तेव्हापासून आमच्या घरात ‘पेट्रोलची’ आणि ‘बॅटरीची’ असंच म्हणतात. मीही तेच शब्द वापरते.

तुम्ही दोघं आवाजावरून आणि दगा देण्यावरून भांडताय. मला वाटतं, भांडणाचा मुद्दाच चुकलाय. जुनी कार्ट घ्यायला कोणी आलं की मी पहिला प्रश्न विचारते : गाडी रात्री कुठे झोपणार? तिच्या उशाशी प्लग असेल तर एक उत्तर, नसेल तर दुसरं. बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

आता तुमची जमीन मोजू या. 40 एकर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, आपल्याकडे तर तेवढ्यात आख्खी वाडी मावेल. पण ती जमीन चौकोनी धरली तर एक बाजू भरते पाव मैल, म्हणजे साधारण 400 मीटर. सगळ्या हद्दीवरून एक फेरी मारली की एक मैल. लांबोडकी असली तर थोडं जास्त. दिवसभरात आठ फेऱ्या मारल्या, नातवाने हट्ट करून आणखी दोन मारून घेतल्या, तरी दहा मैलांच्या वर तुम्ही जात नाही. चांगल्या स्थितीतल्या लीड-ॲसिड बॅटऱ्यांची 48 व्होल्टची गाडी सपाटीवर वीस मैल सहज जाते. चढ, झाडी, मोठी चाकं आणि चार माणसं धरून ते निम्म्यावर आणा, तरी तुमचा दिवस निघतो. त्यामुळे ‘मध्येच दगा देईल’ ही जावईबापूंची भीती तुमच्या जमिनीपुरती तरी निराधार आहे. बंद पडलीच, तरी शेड पाच-सात मिनिटांच्या चालीवर.

याच हिशेबात तुमचाही मुद्दा निकालात निघतो. बॅटरीच्या गाडीला आवाज नाही म्हणून ती शिकारीला चांगली, असं सगळेच म्हणतात. इथे मिसिसिपीत नॅचेझ गावी शिकाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारी, चारही चाकं ओढणारी ‘बॅड बॉय बगी’ याच कल्पनेतून निघाली, आणि पुढे ईझी-गो या गोल्फ कार्टच्या कंपनीची मालक असलेल्या टेक्स्ट्रॉनने 2010 साली ती कंपनीच घेतली. तेव्हा कल्पना वेडगळ नाही. पण तुमच्या शेडपासून लांबातलं लांब मचाण किती दूर असणार? सहाशे यार्ड. पहाटेच्या अंधारात कुठलाही शहाणा शिकारी मचाणाच्या पायाशी गाडी नेत नाही. दोन-तीनशे यार्ड अलीकडे थांबून चालत जातो. म्हणजे उरलेल्या तीनशे यार्डांसाठी गाडी! पांढऱ्या शेपटीचं हरीण कानापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतं. गाडी कितीही मुकी असली आणि वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असला, तर सकाळ गेलीच समजा. आणि ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या रोजच्या घरघरीची त्या हरणांना सवय असते. मी तर म्हणेन, तुमच्या जमिनीवर गाडी शिकारीला जायला लागत नाही, शिकार घेऊन यायला लागते. आणि तेव्हा आवाजाचं कोणाला काय!

हरीण आणायला मात्र ती हवीच. पोट साफ केल्यावरही पन्नास किलोच्या आसपास वजन, ओढ्याच्या चढावरून ओढत आणताना जवान माणसाची कंबर जाते. इथे बॅटरीची गाडी खरंच उजवी ठरते. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो, त्यामुळे चढावर सावकाश, न धसकता ओढत नेता येतं. पेट्रोलची बहुतेक जुनी कार्ट पाय उचलला की इंजिन बंद करते आणि पाय ठेवला की स्टार्टर फिरवून पुन्हा चालू करते. दर थांब्याला तो ‘खट्, घुर्र’ आणि एक हिसका. वहिनींच्या गुडघ्यांना तो हिसका आवडणार नाही. हां, अलीकडच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्या बऱ्याच शांत आणि गुळगुळीत झाल्यात, पण सहा हजारांत जुनी घेताना त्या नशिबाने मिळतील.

माती मात्र दोघींची सारखीच परीक्षा घेते. मध्य जॉर्जियाची लाल माती पाहून मला पहिल्यांदा कोकण आठवलं होतं, पण जांभा पायाला घट्ट धरतो, ही पावसात साबण होते. गोल्फ कार्टचं जोर लावणारं चाक बहुतेकदा एकच असतं. म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडलेली असतात, पण एक चिखलात सुटलं की सगळा जोर तेच फिरवण्यात जातो आणि दुसरं मख्ख उभं राहतं. बॅटरीच्या गाडीत लीडच्या सहा बॅटऱ्यांचंच वजन 170 किलोच्या आसपास भरतं. ओल्या गवतावर तेच वजन पकड देतं, खोल चिखलात तेच रुतवतं. गोल्फच्या मैदानाचे गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर घाला. गाडी सहा इंच उंच करायचा मोह मात्र टाळा. उंच गाडी फोटोत छान दिसते, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर कलंडते. शिवाय मोठ्या चाकांनी बॅटरी लवकर रिकामी होते. ओढ्यावरून जायला दोन फळ्यांचा पूल बांधा, ते स्वस्त पडेल.

वीज येईपर्यंतचं काय? दिवसाला दहा मैल हा जास्तीत जास्तचा हिशेब झाला, एरवी तुमच्या जमिनीवर एका शनिवार-रविवारी मिळून आठ-दहा मैल गाडी फिरणार. कार्टचा चार्जर साधारण एक किलोवॉट ओढतो. दोन हजार वॉटचा एखादा इन्व्हर्टर जनरेटर शनिवारी दुपारी, शिकारीची वेळ नसताना, पाच-सहा तास चालवला की काम झालं. साधा स्वस्त जनरेटर काही चार्जरांना पचत नाही, म्हणून इन्व्हर्टरवाला घ्या किंवा शेजाऱ्याकडून आणा. नाताळापर्यंतचीच गोष्ट आहे. वीज येणारच नसती, तर मात्र मी हाच कागद फाडून ‘मुकाट्याने पेट्रोलची घ्या’ असं लिहिलं असतं. दर खेपेला जनरेटर चालवून बॅटरीची गाडी फिरवणं म्हणजे पेट्रोलचीच गाडी लांबच्या वाटेने चालवणं.

आता शिकारी क्लबाचे ते 900 एकर. तिथे जावईबापूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तिथे प्लग नाही, अंतरं मैलांत आहेत, आणि ट्रेलरवर घालून न्यायची म्हणजे साडेचारशे किलोचं धूड आलं. पण एकाच गाडीत आजीचे गुडघे, साडेतीन वर्षांची नात आणि क्लबाचं जंगल हे तिन्ही कोंबायला गेलात तर तिघांपैकी कोणाचंच नीट होणार नाही. क्लबातल्या कोणाकडे तरी गाडी असतेच. बसू दे त्याच्या मागे. नाहीतर हजार-दीड हजारात एखादं जुनं पेट्रोलचं धूड तो स्वतःसाठी घेईल, आणि मला खात्री आहे की ते दुरुस्त करण्यात त्याला शिकारीपेक्षा जास्त मजा येईल. तुमचे सहा हजार तुमच्या जमिनीसाठीच ठेवा. तेव्हा माझं मत : बॅटरीची, 48 व्होल्टची, उंच न केलेली.

जुनी घ्यायची असेल तर तुम्ही जगातल्या सर्वांत सोयीच्या राज्यात राहता. ईझी-गो 1954 पासून इथल्याच ऑगस्टाची. क्लब कार ही दुसरी कंपनी जन्मली टेक्सासात, पण 1960च्या दशकात ऑगस्टालाच आली. यामाहाच्या कार्टही इथल्याच न्यूननमध्ये बनतात. गोल्फ मैदानं गाड्या भाड्याने घेतात आणि काही वर्षांनी परत करतात, त्या मग विक्रीला येतात. अशा गाडीची बॉडी चकचकीत करून, नवी सीट टाकून ‘रीफर्बिश्ड’ म्हणून विकतात. सीटच्या रंगाला भुलू नका, सीट उचला. बऱ्याच कंपन्यांच्या बॅटरीवर टर्मिनलजवळ एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो : अक्षर महिना सांगतं, A म्हणजे जानेवारी, आकडा वर्षाचा शेवटचा. C3 असेल तर मार्च 2023. गाडी कितव्या सालची यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण लीडच्या बॅटऱ्या नीट सांभाळल्या तर पाच-सहा वर्षं जातात आणि नवा संच हजार-बाराशे डॉलरला पडतो. विकणारा म्हणेल ‘बॅटऱ्या चांगल्या आहेत’. सगळेच म्हणतात.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेऊन जा. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या असलेल्या 48 व्होल्टच्या संचावर 51च्या आसपास आकडा दिसायला हवा. मग चढावर पेडल दाबून ठेवून मोजा. आकडा खाली येणारच, पण 42 च्या खाली कोसळला तर संच गेलेला आहे. त्यानंतर एकेक बॅटरी मोजा. त्यातली एखादी इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट मागे असेल, तर ती बाकीच्यांनाही खाली ओढते. आणि नवी-जुनी एकत्र जोडलेली असली तर तेवढे पैसे कमी करूनच बोला. क्लब कारचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, गंजत नाही. इतर ठिकाणी स्टील असेल तर बॅटऱ्यांच्या ट्रेखाली टॉर्च मारून बघा, ॲसिडने तिथेच खातं.

बॅटऱ्यांचं पाणी हा माझा दुखरा भाग. एका उन्हाळ्यात आम्ही दोन महिने पुण्याला गेलो होतो. चार्जर लावून गेलो, म्हणजे आपण शहाणे अशा थाटात. परत आलो तर प्लेटा उघड्या, पाणी आटलेलं, सहाच्या सहा बॅटऱ्या भंगारात. दोष गाडीचा नव्हता, माझाच होता. तेव्हा महिन्यातून एकदा झाकणं उघडायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही चार्ज पूर्ण झाल्यावर. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी थोडं, बुडतील एवढं. चार्ज करताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून शेडची झडप उघडी ठेवायची. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवायची. रिकामी बॅटरी थंडीत तशीच सोडायची नाही : भरलेली बॅटरी गोठत नाही, रिकामी उणे सातच्या आसपास गोठून फुटते. हे सगळं नातवाला शिकवा, चष्मा-हातमोजे घालून बघायला उभा करा. झाकणं उघडायचं काम मात्र मोठ्यांचं.

एवढं निगुतीने करणं होणार नाही असं वाटत असेल तर बाजारात लिथियमचे संच आहेत. पाणी नाही, ॲसिड नाही, वजन लीडच्या पाव-एक भाग. किंमत लीडच्या दुपटीकडे झुकते आणि शून्य अंशाखाली त्यांना चार्ज करायचं नसतं, पण मेकनकडे दुपारी तेवढी थंडी क्वचितच पडते. माझ्या मते आहे तो लीडचा संच संपेपर्यंत वापरा, मग लिथियमकडे वळा. चार्जरही तेव्हा बदलावा लागेल.

पेट्रोलवालीची निगा कमी, असं जावईबापू म्हणतील. तेल, फिल्टर, स्पार्क प्लग, इंजिनचे दोन पट्टे, एवढंच, हे खरं आहे. पण पंधरा-पंधरा दिवस बंद राहणारी गाडी आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यांचं जमत नाही. काही महिन्यांत पेट्रोल शिळं होतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो, आणि हंगामाच्या पहिल्या पहाटे गाडी खोकत बसते. दगा देणं हे काही बॅटरीचंच वैशिष्ट्य नाही.

नातवंडांबद्दल जरा कडक बोलते. अमेरिकेत दरवर्षी गोल्फ कार्टवरून पडून हजारो लोक दवाखान्यात जातात, त्यांत मुलं खूप असतात. बहुतेक कार्टना दारं नाहीत, सीटचे पट्टे नाहीत, ब्रेक मागच्याच चाकांना. मागे तोंड करून बसायच्या सीटवरचं मूल, गाडीने हिसक्याने वेग घेतला की सरळ पुढे, म्हणजे रस्त्यावर पडतं. आणि डावीकडे झपकन वळलं की पुढे उजव्या बाजूला बसलेलं मूल बाहेर फेकलं जातं. म्हणून पट्टे बसवून घ्या, मागच्या सीटलाही. साडेतीन वर्षांच्या नातीला मागे अजिबात बसवू नका. खरं सांगायचं तर तिला दोनेक वर्षं गाडीत घेऊच नका, चालत फिरवा. आजोबांचीही चाल होईल. बॅटरीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत कंट्रोलरमधूनच वेग बांधून ठेवता येतो. ताशी आठ मैलांवर बांधा आणि किल्ली खिशात ठेवा. आणि ज्या शांततेसाठी तुम्ही ही गाडी निवडताय, तीच इथे उलटते : मागे येणारी बॅटरीची गाडी मातीत खेळणाऱ्या मुलाला ऐकू येत नाही.

म्हणूनच रिव्हर्सच्या बझरबद्दल आत्ताच ठरवा. तो इतका कर्कश असतो की जावईबापू पहिल्याच दिवशी त्याची वायर तोडायला पक्कड काढतील, सगळे शिकारी काढतात. तोडू देऊ नका. एक छोटा स्विच सीटखाली बसवा. पहाटे तो एकटा असेल तेव्हा बंद, मुलं जमिनीवर असतील तेव्हा चालू.

नियमांचं थोडक्यात. बंदूक गाडीत असेल तेव्हा रिकामी, याला माझ्याकडे अपवाद नाही. गाडी हे मचाण नव्हे. तिच्यावरून गोळी झाडायच्या गोष्टी क्लबात ऐकू आल्या तरी राज्याचं शिकारीचं पुस्तक दरवर्षी नवं निघतं, ते वाचायला लावा. बंदुकीच्या हंगामात जॉर्जियात हरणाच्या शिकाऱ्याला अंगावर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग लागतो. मी तर म्हणते त्या दिवसांत तुम्ही, वहिनी, मुलं, जमिनीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला नारिंगी जाकीट घाला. शेडसमोरच्या सरकारी रस्त्यावर कार्ट काढायची परवानगी आहे असं गृहीत धरू नका. पीचट्री सिटीत गोल्फ कार्टसाठी सुमारे 100 मैलांच्या वाटा आहेत आणि शाळेच्या पार्किंगमध्ये मुलांच्या कार्ट उभ्या दिसतात, हे पाहून लोकांना वाटतं सगळं राज्यच तसं. इतरत्र ते त्या-त्या गावावर किंवा काउंटीवर असतं. एकदा फोन करून विचारा.

जावयाला कसं सांगायचं? सांगूच नका, बघायला जाताना बरोबर न्या. मल्टिमीटर त्याच्या हातात द्या आणि चढावर तोच चालवू दे. इथली मुलं अवजार हातात आलं की निम्मी राजी होतात.

आता वहिनी. बहुतेक कार्टची मागची सीट उलटली की सामानाची फळी होते, आणि शिकारी हरीण तिच्यावरच टाकतात. म्हणजे रविवारी ज्या गादीवर नातू बसणार, तिच्या उलट्या बाजूला शनिवारी हरीण. वहिनींची शंका रास्त आहे. उपाय सोपा : गाडीच्या मागे ‘हिच’, म्हणजे सामान अडकवायची लोखंडी खोबण, बसवून घ्या आणि त्यात अडकवायची लोखंडी जाळीची वेगळी पाटी घ्या. हरीण त्या पाटीवर, गाडीच्या बाहेर. काम झालं की पाटी काढून नळाखाली धुवायची आणि शेडच्या मागच्या भिंतीला टांगायची. धुवायचं काम जावईबापूंचं. वहिनींना सांगा, ती पाटी त्यांच्या नजरेलाही पडणार नाही, फक्त कुठल्या भिंतीला टांगायची ते त्यांनीच ठरवावं.